बॅटरी कुणाच्या पदरात? विजेच्या मोटारीचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



हिरव्या पाटीची गाडी आवाज न करता शेजारून गेली, की आपण वळून बघतो. विजेवर चालणारी मोटार ही काल-परवाची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पेट्रोलच्या मोटारीच्याच वयाची आहे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. म्हणजे त्या वर्षी कुणी पैज लावली असती, तर पेट्रोलवर लावली नसती.

मग ती मागे का पडली, आणि आता शंभर वर्षांनी परत का आली? याचं उत्तर किंमत आणि बॅटरीचं आयुष्य या दोन गोष्टींत आहे. गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या बायका आज जे दोन प्रश्न विचारतात, तेच हे दोन प्रश्न आहेत. ‘गाडी परवडेल का?’ हा पहिला. ‘आणि पाच-सात वर्षांनी बॅटरी गेली तर?’ हा दुसरा. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण कर्ज आपल्या नावावर असतं आणि बॅटरीच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

सुरुवात बॅटरीपासूनच करू. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची बॅटरी बनवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. आपल्या घरात जिन्याखाली इन्व्हर्टरची जी जड पेटी असते, तिची ही खापरपणजी. दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी मूळ रसायन तेच आहे. त्यामुळे तिचे गुणदोष तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागणार नाहीत. पाणी कमी झालं तर ती बिघडते. पूर्ण उतरवून तशीच ठेवली तर पत्र्यांवर कडक थर बसतो आणि मग ती पहिल्यासारखी भरत नाही. उन्हाळ्यात ती लवकर थकते. आणि तिचं वजन! एकटीला हलवत नाही.

अशा बॅटरीवर १८८० नंतर इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इथं गाड्या धावायला लागल्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसानं ती चालवली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कधीच समाधान न मानणारी’, आणि तेही स्त्रीलिंगात. नाव ठेवणारे पुरुष होते हे सांगायला नकोच.

पण शर्यत वेगळी आणि रोजचा वापर वेगळा. शहरातल्या वापरात विजेच्या गाडीचे फायदे उघड होते. पेट्रोलची गाडी तेव्हा पुढे उभं राहून लोखंडी दांड्यानं फिरवून चालू करावी लागे. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. धूर, वास, गिअरची खटखट हे सगळं होतंच. विजेच्या गाडीत बसलं, कळ सरकवली, निघाली. म्हणून कारखानदारांनी ती बायकांना विकायला सुरुवात केली. आत फुलदाणी, खिडक्यांना पडदे, बसायला दिवाणखान्यातल्यासारखी गुबगुबीत आसनं. डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली गाडी. १९०७ पासून ती बनत होती. गोल स्टिअरिंगऐवजी तिला आडवा दांडा होता. एका चार्जिंगमध्ये ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर जाते, अशी तिची जाहिरात असे. आणि तिच्या गिऱ्हाइकांत कोण होतं, तर खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा. नवरा जगभराला पेट्रोलची गाडी विकत होता आणि ही स्वतः १९१४ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होती.

हा किस्सा सगळे हसत हसत सांगतात. मला मात्र त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ‘बायकांची गाडी’ हा शिक्का त्या गाडीला महागात पडला. बायकांची म्हणजे हळू, जवळच्या जवळ फिरायची, कमी ताकदीची, असा अर्थ लावला गेला आणि पुरुष गिऱ्हाईक लांब राहिलं. वास्तविक पेट्रोलच्या मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनंच केला होता. १८८८ साली बेर्था बेन्झ हिनं नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम असं शंभरेक किलोमीटर अंतर कापलं आणि वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. पण तेव्हा पेट्रोलच्या गाडीला कुणी ‘बायकांची’ म्हटलं नाही.

अर्थात गाडी हरली ती केवळ शिक्क्यामुळे नव्हे. किंमत बघा. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी ८५० डॉलरला आली. १९१४च्या सुमारास ती ५०० डॉलरच्या आसपास उतरली आणि १९२५ साली तिचा सगळ्यांत स्वस्त नमुना २६० डॉलरला मिळू लागला. त्याच काळात चांगल्या विजेच्या मोटारीला अडीच ते तीन हजार डॉलर पडत. एका विजेच्या गाडीच्या पैशात पाच-सहा पेट्रोलच्या गाड्या! त्यातच १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेचा स्टार्टर आला. दांडा फिरवायची गरज संपली, म्हणजे विजेच्या गाडीचा सगळ्यांत मोठा फायदा पेट्रोलच्या गाडीनं एका छोट्या बॅटरीच्या जोरावर पळवला.

आणखी एक कारण होतं, आणि ते आपल्याला चटकन कळेल. अमेरिकेच्या खेड्यांत वीजच नव्हती. १९३०च्या दशकातसुद्धा तिथल्या दहातल्या जेमतेम एका शेतकऱ्याच्या घरी वीज होती. पेट्रोलचा डबा वाण्याच्या दुकानातही मिळे. ज्या गाडीला रोज रात्री वीज लागते, ती गावात कोण घेणार?

बॅटरीच्या आयुष्यावर तेव्हाही डोकं चालवणारी माणसं होती. थॉमस एडिसननं शिसं टाकून निकेल आणि लोखंडाची बॅटरी बनवायला घेतली. १९०३ साली विक्रीला आलेली पहिली खेप गळू लागली, तेव्हा त्यानं ती मागे घेतली आणि आणखी काही वर्षं खपून १९०९ साली सुधारलेली आणली. ही बॅटरी विलक्षण टिकाऊ निघाली. जास्त भरली, पूर्ण उतरवली, तरी सहन करायची. पण डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये ती हवी असेल तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत, म्हणजे एका मॉडेल टीचे पैसे फक्त बॅटरीला. शिशाची स्वस्त, पण लवकर संपणारी. निकेलची महाग, पण पुरून उरणारी. आपल्याकडे आजीच्या काळातलं पितळी पातेलं आणि बाजारातलं पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं यांच्यात जी निवड करावी लागते, तीच ही. हातात रोकड कमी असेल तर माणूस पातळ पातेलंच उचलतो. १९१४ साली फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त विजेची मोटार काढणार अशी घोषणा झाली होती. ती गाडी कधी बाजारात आलीच नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती फारशी कुणाला माहीत नसते. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात वीज पुरवणाऱ्या कंपनीनं १९१० साली एक व्यवस्था सुरू केली. विजेचा ट्रक घेणाऱ्यानं गाडी बिनबॅटरीची विकत घ्यायची. बॅटरी वीज कंपनीची. ती उतरली की तिच्या केंद्रावर जाऊन भरलेली बसवून घ्यायची. दर मैलामागे ठरलेले पैसे आणि वर महिन्याची देखभालीची फी द्यायची. बॅटरी किती टिकते ही काळजी गाडीवाल्याची नव्हे, कंपनीची. १९२४ पर्यंत ही सेवा चालली आणि तेवढ्या काळात त्या गाड्या ६० लाख मैलांहून जास्त धावल्या. १९१७ पासून शिकागोत मिलबर्न नावाच्या विजेच्या मोटारींसाठीही अशीच सोय होती. बॅटरी नवी असताना सगळेच खूष असतात. ती म्हातारी झाल्यावर तिचा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाला हार्टफर्डनं सरळ उत्तर दिलं होतं. हे उत्तर पुढे नव्वद-शंभर वर्षं अडगळीत पडलं.

मधल्या काळात विजेची मोटार अडचणीच्या वेळी तेवढी आठवली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा १९४७ साली तामा नावाची छोटी गाडी निघाली. एका चार्जिंगमध्ये ६५ किलोमीटर जाई. पुढे कोरियाच्या युद्धात शिशाचे भाव चढले आणि तिचा मेळ बसेना. इंग्लंडमध्ये मात्र पहाटे दारोदार दूध टाकणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं विजेच्याच होत्या. सावकाश जायचं, शंभर वेळा थांबायचं, ठरलेला फेरा, दुपारपर्यंत परत आणि मग रात्रभर चार्जिंग. ज्या कामाला गाडी जुळली तिथं ती निमूटपणे टिकली.

आपल्या देशाचा अध्याय खऱ्या अर्थानं बंगळुरूत सुरू होतो. चेतन मैनी यांची रेवा ही छोटी गाडी २००१ साली रस्त्यावर आली. दोन मोठी माणसं पुढे, दोन मुलं मागे. आठ शिशाच्या बॅटऱ्या, मिळून सुमारे साडेनऊ युनिट वीज साठवणाऱ्या. आठ तासांत पूर्ण चार्ज आणि त्यावर कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ८० किलोमीटर. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावानं गेली आणि गंमत म्हणजे तिथं तिला आपल्यापेक्षा जास्त भाव मिळाला, कारण लंडनच्या मध्यवस्तीत शिरायला गाड्यांना २००३ पासून रोज पैसे भरावे लागत आणि विजेच्या गाडीला ते माफ होते. तिकडे तिच्या सुरक्षिततेवर कडक टीकाही झाली. इकडे आपल्या लोकांनी वेगळा हिशेब केला. तेवढ्याच पैशांत मारुती येते. तिच्यात पाच माणसं बसतात, ती पुण्याहून कोल्हापूरला जाते. आणि रेवाची शिशाची बॅटरी साधारण तीन वर्षांनी बदलायची. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना जे पोटात गोळा येतं, त्याच्या कितीतरी पट. सगळ्या जगात मिळून ती काही हजारच विकली गेली. ‘गाडी वाईट होती’ एवढं म्हणून तिला निकालात काढणं मला पटत नाही. तिचं रसायन १८५९ सालचं होतं, तिथं तिचे हात बांधलेले होते.

रसायन बदललं ते लिथियममुळे. १९९१ साली सोनी कंपनीनं कॅमेऱ्यासाठी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हलकी, आणि तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज साठवणारी. तिच्या मागच्या संशोधनाला २०१९ साली नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी या भारतीय संशोधकांनी लोह-फॉस्फेट वापरून लिथियम बॅटरीचा एक वेगळा प्रकार पुढे आणला. १९९७ साली त्यांचा शोधनिबंध आला. या प्रकाराला ‘एलएफपी’ म्हणतात. तो थोडा जड असतो, पण त्यात महागडं कोबाल्ट लागत नाही, तो सहजासहजी पेट घेत नाही आणि जास्त वेळा भरता-उतरवता येतो. आज आपल्याकडच्या परवडणाऱ्या विजेच्या गाड्यांत बहुधा हीच बॅटरी असते. सणासुदीला पेढे वाटताना कुणाला नावं आठवत नाहीत ती ही माणसं, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता किंमत किती उतरली ते पाहा. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात. घाबरू नका, आपल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. २०१० साली एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीला जगात सरासरी ११०० डॉलरहून जास्त पडत, आजच्या डॉलरच्या मोलानं. २०२४ साली तोच आकडा ११५ डॉलरवर आला. छोट्या मोटारीला २४ युनिटांची बॅटरी लागते असं धरा. पूर्वीच्या भावानं नुसती बॅटरी सुमारे २२ लाख रुपयांची झाली असती. २०२४च्या भावानं सव्वादोन लाखांच्या थोडी वर. सव्वाशे वर्षांच्या कहाणीत एवढा मोठा फरक पूर्वी कधीच पडला नव्हता.

तरी २०१० नंतरची पहिली काही वर्षं सगळ्यांनाच जड गेली. महिंद्रानं २०१० साली रेवा कंपनी ताब्यात घेतली आणि २०१३ साली लिथियमवर चालणारी ई-टू-ओ आणली. दिल्लीत अनुदान धरून ती ५ लाख ९६ हजारांना पडे आणि १०० किलोमीटर जाई. लोकांना किंमत झेपेना, म्हणून पुढच्या वर्षी कंपनीनं गाडी ४ लाख ९९ हजारांना आणि बॅटरीचे महिन्याला २,५९९ रुपये अशी योजना काढली. हार्टफर्डची आठवण झाली ना? तरी ती गाडी फार चालली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत जे घडलं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी नीट ऐकावं. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१०च्या अखेरीस आली. २४ युनिटांची लिथियम बॅटरी, पण ती थंड ठेवायला वेगळी यंत्रणा नव्हती. ॲरिझोना राज्यात उन्हाळा आपल्या नागपूर-चंद्रपूरसारखा. तिथल्या मालकांच्या लक्षात आलं, की एक-दोन वर्षांतच गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही. २०१२ साली तक्रारींचा गवगवा झाला. बॅटरी बिघडली तर हमी होती, पण ती हळूहळू कमी भरू लागली तर काय, याबद्दल कागदावर काही नव्हतं. लोकांनी लावून धरल्यावर कंपनीनं २०१३ साली लिहून दिलं, की पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत क्षमता साधारण ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्त करून देऊ. २०१४ साली नव्या बॅटरीची किंमतही जाहीर केली, जुनी परत देऊन ५,४९९ डॉलर. त्या गिऱ्हाइकांच्या भांडणाचं फळ आज आपण खातो. टाटानं २०२० साली पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी नेक्सॉन ईव्ही आणली आणि २०२२ साली टियागो ईव्ही, तेव्हा दोन्हींच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती.

इथं थोडं काठमांडूला जाऊन येऊ. गाडी कुणाला परवडते याचा विचार करताना मला तिथल्या बायका आठवतात. १९९०च्या दशकात तिथं डिझेलच्या विक्रम टेम्पोंनी शहर काळवंडलं होतं. १९९९ साली सरकारनं ते टेम्पो काठमांडूतून हटवले आणि ‘सफा टेम्पो’, म्हणजे स्वच्छ टेम्पो, या तीनचाकी विजेच्या गाड्यांना वाट मिळाली. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या. सकाळचे फेरे झाले की केंद्रावर जायचं, उतरलेल्या बॅटऱ्या काढायच्या, भरलेल्या सरकवायच्या आणि संध्याकाळचे फेरे मारायचे. या टेम्पोंच्या चालक मोठ्या संख्येनं बायका होत्या आणि आहेत. कमाई रोजची, पण बॅटरीचा अख्खा संच बदलायची वेळ यायची ती एकरकमी खर्चाची. मालकीण असो वा मालक, तेव्हा सगळ्यांचीच ओढाताण व्हायची. रोज थोडं थोडं साठवलेलं एकदम बाहेर.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत बायकांना १० टक्के पैसे स्वतःचे घालायचे, २० टक्के सरकार देणार आणि ७० टक्के बँकेचं कर्ज अशी रचना आहे. योजना चांगली आहे. तिचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकीनं एकच गोष्ट बघावी, ती म्हणजे कर्जाचा शेवटचा हप्ता आधी संपतो की बॅटरीची हमी. हमी आधी संपत असेल, तर त्या मधल्या महिन्यांसाठी गटात वेगळी बचत ठेवायला आत्तापासून सुरुवात करा.

आता मोटारीचा आजचा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. टियागो ईव्ही २०२२ साली ८ लाख ४९ हजारांपासून आली, १९.२ आणि २४ युनिटांच्या दोन बॅटऱ्यांत. २०२३ साली एमजी कंपनीची कॉमेट ७ लाख ९८ हजारांपासून, बॅटरी १७.३ युनिटांची. ही कॉमेट चीनमधल्या वुलिंगच्या छोट्या गाड्यांच्या घरातली. त्या घरातली होंगुआंग मिनी २०२० साली तिकडे २८,८०० युआनला, म्हणजे तेव्हाच्या तीन लाख रुपयांच्या आसपास निघाली आणि धडाक्यानं खपली. हे सगळे भाव त्या त्या वेळचे. दुकानात जाल तेव्हा वेगळे असतील.

कागदावर लिहिलेलं अंतर पूर्ण मिळत नाही. टियागोच्या २४ युनिटांच्या नमुन्याला कंपनीनं चाचणीत ३१५ किलोमीटर सांगितले होते. एसी, चढ, चार माणसं धरून आपण हिशेबाला १८० घेऊ. हात राखून घेतलेला बरा. २४ युनिट भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून २७ युनिट. घरच्या विजेचा दर १० रुपये धरला तर २७० रुपये, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला पावणेसहा-सहा रुपये. फरक सव्वाचार रुपयांच्या आसपास. वर्षाला १० हजार किलोमीटर चालवलं तर साधारण ४३ हजारांची बचत. विजेची गाडी घेताना तीन लाख जास्त मोजले असतील तर ते भरून यायला सात वर्षं लागतील. वर्षाला २० हजार चालवणारीला साडेतीनच.

म्हणजे गंमत बघा. जी बाई गाडी जास्त पळवते तिला ती लवकर परवडते आणि जी आठवड्यातून एकदा देवळात आणि बाजारात नेते तिला ती हमी संपेपर्यंतही परवडत नाही. लोकांना उलटं वाटतं. त्यातही चार्जिंग घरी होत असेल तरच. बाहेरच्या केंद्रावर युनिटला २० रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवर जातो आणि बचत चारवरून तीनवर येते. भाड्याच्या घरात, वाड्यात, तिसऱ्या मजल्यावर राहणारीनं हे आधी तपासावं. मीटर कुणाचा, वायर कुठून येणार, घरमालक हो म्हणतो का. ज्या गावात शेतीच्या वेळापत्रकानं वीज येते-जाते तिथं तर हा पहिला प्रश्न आहे, १९३०च्या अमेरिकन शेतकऱ्याचाच. आणखी एक, ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर पुन्हा थोडं वाढलं. माझ्या हिशेबातले तीन लाख तुमच्या दुकानदाराच्या आकड्यांनी बदलून बघा.

बॅटरी भाड्यानं देण्याची जुनी युक्तीही परत आली आहे. २०२४ साली एमजीची विंडसर ९ लाख ९९ हजारांना जाहीर झाली. त्यात बॅटरी धरलेली नव्हती, तिचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरीसकट किंमत १३ लाख ५० हजार. फरक साडेतीन लाखांचा. त्याला साडेतीन रुपयांनी भागा, एक लाख किलोमीटर येतात. म्हणजे लाख किलोमीटरपर्यंत भाड्यानं फायदा, त्यापुढे विकत घेतलेली बरी. पण हेही बघा, की साडेतीन रुपये भाडं आणि दीड रुपया वीज मिळून पाच झाले. छोट्या पेट्रोल गाडीच्या खर्चाच्या ते अगदी जवळ आहे. भाडं घेणारी कंपनी महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे लावते, गाडी विकताना भाड्याचा करार कुणाच्या नावावर जातो आणि हप्ता चुकला तर काय होतं, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा, आणि उत्तर मराठीत लिहून मागा.

राहता राहिला जुन्या गाडीचा प्रश्न. पुढच्या काही वर्षांत आपल्यातल्या पुष्कळ जणी विजेची गाडी घेतील ती दुसऱ्या हातची. लिथियम बॅटरी दोन तऱ्हेनं म्हातारी होते, वापरानं आणि नुसत्या दिवसांनी. उन्हात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली गाडी कमी चाललेली असूनही थकलेली असू शकते. म्हणून नुसते किलोमीटर बघून भुलू नका. बॅटरीचं ‘आरोग्य’ किती टक्के उरलंय, याचा अहवाल अधिकृत सेवाकेंद्रातून काढून मिळतो का ते विचारा, मूळ हमी नव्या मालकिणीच्या नावावर चालते का ते बघा, आणि एकदा पूर्ण चार्ज करून प्रत्यक्ष चालवून पाहा. बॅटरी निकामी झाल्यावर ती भंगारवाल्याला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

क्लारा फोर्डची ती डेट्रॉइट इलेक्ट्रिक आज मिशिगनमध्ये तिच्या नवऱ्याच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. आपला वेळ संपला. पुढच्या भागात वीजबिल वाचायचं कसं, यावर बोलू. बिलं जवळ घेऊन बसा.